न आलेल्यांची नोंदवही

जोखमीत वाढणाऱ्या मुलामुलींसाठी आरोग्याचा आणि विकासाचा एखादा कार्यक्रम सुरू झाला की पहिल्या महिन्यात कोण येणार, हे न बघताही सांगता येतं. ज्यांना घरून कोणी अडवत नाही, ज्यांना चारचौघांत बोलायची सवय आहे, ज्यांच्याकडे दुपारचा वेळ मोकळा आहे, ती मुलं येतात. प्रस्ताव मात्र दुसऱ्याच कोणासाठी लिहिलेला असतो. शाळा सुटून कामाला लागलेला मुलगा, घरातल्या आजाऱ्याची उस्तवार करणारी मुलगी, नशेच्या नादाला लागू पाहणारा एखादा, फार लवकर आई झालेली एखादी. यांची नावं यादीत असतात, पण सत्राच्या वेळी ती खोलीत नसतात. हजेरीपट आलेल्यांचा हिशेब ठेवतो. कार्यक्रम चालवावा लागतो तो न आलेल्यांच्या हिशेबावर. व्यवस्थापक म्हणून जे काही काम असतं, त्यातलं बहुतेक या दोन हिशेबांतल्या फरकापाशीच असतं, असं माझं मत झालं आहे.

सुरुवात यादीपासून होते, आणि पहिली चूकही तिथेच होते. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयाला किशोरवय म्हणते, संयुक्त राष्ट्रसंघ 15 ते 24 ला तरुण म्हणतो, आणि दोन्ही एकत्र धरून 10 ते 24 असा पट्टा होतो. कागदावर हा पट्टा सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात 11 वर्षांची मुलगी आणि 22 वर्षांचा मुलगा यांच्यासाठी एकच सत्र घेता येत नाही. 10 ते 14, 15 ते 19 आणि 20 ते 24 असे तीन गट किमान लागतात. त्यातही नुसतं वय पुरत नाही. कमावणाऱ्या 16 वर्षांच्या मुलाचा दिवस आणि शाळेत जाणाऱ्या 16 वर्षांच्या मुलाचा दिवस यांत काहीच सारखं नसतं. शाळेकडून यादी मागितली तर शाळेत असलेलेच मिळतात, म्हणून यादी घरोघर फिरून करावी लागते. त्या वयाचं प्रत्येक मूल लिहायचं, मग ते आत्ता घरी असो, कामावर असो किंवा नातेवाइकांकडे पाठवलेलं असो. त्यानंतर प्रत्येक नावापुढे मोजक्या पाच-सहा खुणा करायच्या: शाळा सुटली किंवा अनियमित आहे, आईवडील दोघंही सोबत राहत नाहीत, मजुरी करतं, लग्न किंवा गरोदरपण लवकर आलं, घरात मारहाण किंवा व्यसन आहे, अपंगत्व किंवा लांबचं आजारपण आहे. दोन किंवा अधिक खुणा असलेल्या मुलांकडे आधी जायचं.

या खुणा कार्यालयाबाहेर जाता कामा नयेत. गटाच्या नावात, फलकावर, टी-शर्टवर ‘जोखीमग्रस्त’ असा शब्द आला की त्या मुलांच्या अंगाला तो चिकटतो आणि ती येणं थांबवतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खुणा असलेल्या सगळ्यांचा मिळून एक वेगळा गट करू नये. बारा ते पंधरा जणांच्या मिश्र गटात अशी तीन-चार मुलं असावीत. यामागे केवळ सौजन्य नाही, एक जुना आणि कडू अनुभव आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन गावांत 1939 मध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने एक प्रयोग सुरू झाला. त्यात 506 मुलगे होते. वय, घरची परिस्थिती, स्वभाव असं सगळं जुळवून त्यांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या कोणाला मदत द्यायची ते नाणं उडवून ठरवलं. ज्यांना मदत मिळाली, त्यांच्या घरी समुपदेशक नियमित जात. अभ्यासात मदत, वैद्यकीय उपचार, उन्हाळी शिबिरं, कुटुंबाला सल्ला, असं सरासरी पाचेक वर्षं चाललं. आजच्या कुठल्याही प्रस्तावात शोभावं असंच हे सगळं होतं. सुमारे तीस वर्षांनी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांचा शोध घेतला आणि 1978 मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांमध्ये गुन्हे कमी झाले नव्हते. उलट दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार आणि लवकर मृत्यू यांचं प्रमाण मदत न मिळालेल्या जोडीदारांपेक्षा जास्त होतं. आणि तरीही मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश जण म्हणत होते, त्या कार्यक्रमाचा आम्हाला फायदा झाला.

हा शेवटचा तपशील मला सगळ्यात अस्वस्थ करतो. कारण आपण सत्र संपल्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा अभिप्राय-फॉर्म भरून घेतो आणि तोच अहवालात लावतो. मुलं मनापासूनच लिहितात. त्यांना ताई-दादा आवडलेले असतात. पण आवडणं आणि उपयोग होणं यांचा संबंध आपण गृहीत धरतो तितका जवळचा नाही.

त्या प्रयोगात नुकसान नेमकं कुठे झालं, यावर पुढे 1999 मध्ये मॅककॉर्ड आणि मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशन यांनी मिळून लिहिलं. ज्या मुलांना उन्हाळी शिबिराला एकापेक्षा जास्त वेळा पाठवलं होतं, त्यांच्यात हे नुकसान एकवटलेलं दिसलं. डिशन यांना स्वतः अभ्यासलेल्या किशोरवयीनांच्या गटांतही असंच आढळलं होतं. नियम मोडणारी मुलं एकत्र आली की नियम मोडल्याच्या गोष्टी सांगतात, बाकीची हसून दाद देतात, आणि ती दाद हेच खरं शिक्षण होऊन बसतं. समोर बसलेल्या मोठ्या माणसाचं सत्र एका बाजूला चालू राहतं, दाद देण्याचं सत्र दुसऱ्या बाजूला. म्हणून गट मिश्र हवा, मोकळा वेळ आखलेला हवा, आणि दोन जणांनी सत्र घ्यावं. एकाने बोलावं, दुसऱ्याने गट बघावा: कोण कोणाकडे बघून हसतं, कोण शेवटी येऊन भिंतीला टेकतं, कोणाच्या बोलण्यावर गट गप्प होतो. माणसं कमी पडली की पहिली कात्री या दुसऱ्या माणसावर चालते. ते चुकीचं आहे, कारण बोलण्याचं काम एक वेळ दुसऱ्या कोणी करू शकतं, बघण्याचं नाही.

भीती दाखवण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. 1970 च्या दशकात न्यू जर्सीच्या एका तुरुंगात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घेण्याचा कार्यक्रम फार गाजला होता. त्या धर्तीच्या कार्यक्रमांचे नंतर नीट अभ्यास झाले. भाग घेतलेल्या मुलांकडून पुढे गुन्हे घडण्याचं प्रमाण काहीच न केलेल्या मुलांपेक्षा जास्त निघालं. तरी सडलेल्या फुप्फुसांची चित्रं आणि ‘एक चूक, आयुष्य बरबाद’ छापाची व्याख्यानं अजून चालतात, कारण ती आयोजकाला समाधान देतात. तीच गत एकदिवसीय मेळाव्याची. किशोरवयीन लैंगिक आणि प्रजनन आरोग्यात काय चालत नाही, याचा आढावा वेंकटरमण चंद्र-मौली आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये घेतला. त्यात युवा केंद्रं, समवयस्क शिक्षक (म्हणजे प्रशिक्षण देऊन बरोबरीच्यांना शिकवायला लावलेली मुलं) आणि गाजावाजा करून घेतलेल्या एकवेळच्या सभा, असे तीन लाडके उपाय अपुरे ठरलेले दिसतात. युवा केंद्रात जवळपास राहणारे, वयाने जरा मोठे मुलगेच येऊन बसतात आणि मुली येत नाहीत. समवयस्क शिक्षकाला प्रशिक्षण मिळतं, त्याचा फायदा मुख्यतः त्यालाच होतो. तेव्हा या मुलांना शिक्षक म्हणण्यापेक्षा माहिती पोचवणारे, सोबत जाणारे, कोण आलं नाही ते सांगणारे म्हणून काम द्यावं. ते काम त्यांना मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं.

आता सत्राचं. दीड तासाच्या वर एकही मिनिट नको. पहिली दहा मिनिटं मागच्या वेळचं काय झालं यासाठी, शेवटची दहा पुढच्या वेळी काय यासाठी, मधल्या वेळात एकच विषय आणि त्यातही निम्मा वेळ करून बघण्याचा. ‘नाही’ म्हणायला शिकवायचं असेल तर व्याख्यानाने होत नाही. ‘चल ना, एकदाच’ असं म्हणणाऱ्या मित्राला काय बोलायचं, हे प्रत्येकाने तोंडाने म्हणून बघावं लागतं, आणि तेही तीन-चार वेळा, कारण पहिल्या वेळी सगळे हसतात. सत्राची वेळ कार्यकर्त्याच्या कार्यालयीन तासांवर ठरली की काम करणारी मुलं आपोआप बाद होतात. संध्याकाळी उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी सत्र ठेवावं लागलं तर कार्यकर्त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळची सुट्टी द्यावी. ती आधीच वेळापत्रकात लिहावी, नाहीतर कोणी घेत नाही.

एखादं मूल पहिल्यांदा आलं नाही तर गटातल्या कोणाकडून तरी निरोप पाठवायचा. सलग दुसऱ्यांदा आलं नाही तर तीन दिवसांच्या आत कार्यकर्त्याने भेटायचं. भेटल्यावर ‘का आला नाहीस’ हा प्रश्न घरच्यांसमोर विचारायचा नाही. काही मुलं घरी न सांगता येत असतात आणि आपल्या एका प्रश्नाने त्यांचं येणं कायमचं बंद होतं. न येण्याचं कारण लिहायला ठरावीक संकेत असावेत: काम, घरची जबाबदारी, आजारपण, स्थलांतर, परवानगी नाही, गटात चिडवलं, कंटाळा आला. शेवटची दोन कारणं नोंदवहीत फारशी सापडत नाहीत, कारण ती लिहिणं म्हणजे स्वतःच्या सत्राबद्दल लिहिणं. सहा महिन्यांत ‘कंटाळा’ एकदाही नोंदला गेला नसेल, तर मुलं खूश आहेत असं समजण्यापेक्षा नोंदवही तपासावी.

आरोग्य तपासणी हा या कार्यक्रमांतला दिसायला सगळ्यात सोपा भाग, आणि हिमोग्लोबिन त्यातलं सगळ्यात सोपं. तिथेच आकडे सर्वांत जास्त बिघडतात. बोटातून रक्त घेताना हात गार असेल तर रक्त येत नाही, मग बोट दाबलं जातं, दाबल्यावर ऊतकांतलं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. हात आधी ऊबदार करावा, स्पिरिट लावून ते पूर्ण वाळू द्यावं, मग मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या टोकाला जरा बाजूने टोचावं, पहिले दोन-तीन थेंब पुसून टाकावेत, पुढचा मोठा थेंब आपसूक येऊ द्यावा आणि क्युव्हेट, म्हणजे यंत्रात घालायची रक्ताची छोटी पट्टी, एका दमात, बुडबुडा न धरता भरावी. क्युव्हेटच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की दमटपणाने त्या खराब होतात. शिबिराच्या गर्दीत ती डबी दिवसभर उघडीच असते. मुलींसाठी, गरोदर नसताना, 12 वर्षांपासून पुढे 12 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली रक्तक्षय धरतात. मुलग्यांसाठी 12 ते 14 या वयात 12 आणि 15 च्या पुढे 13. आठच्या खाली गंभीर. त्या मुलीला गोळ्यांचं पाकीट देऊन घरी पाठवायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं असतं. समुद्रसपाटीपासून फार उंचावर राहणाऱ्यांच्या आकड्यात दुरुस्ती करावी लागते, हेही बऱ्याचदा राहून जातं.

ज्या भागात रक्तक्षय सर्रास आहे तिथे मासिक पाळी सुरू झालेल्या मुलींसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला एक गोळीची आहे: 60 मिलिग्रॅम लोह आणि 2.8 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, तीन महिने द्यायची, तीन महिने थांबायचं. ही गोळी प्रतिबंधासाठी आहे. ज्यांना रक्तक्षय आधीच आहे त्यांचा उपचार वेगळा आणि रोजचा असतो. तो डॉक्टरने ठरवायचा. हा फरक कार्यकर्त्यांना नीट समजलेला नसेल तर आजारी मुलीला आठवड्याची एक गोळी मिळत राहते आणि सगळ्यांना वाटतं उपचार चालू आहे. गोळी देण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी: शौचाला काळं होतं आणि ते धोक्याचं नसतं. ते सांगायचं राहिलं की दोन दिवसांत बातमी पसरते, तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी आईला ‘ही गोळी कशाची आहे’ अशी शंका येते, आणि मग मूल होऊ नये म्हणून ही गोळी देतात अशी अफवा उठते. पुढचे सहा महिने ती अफवा निस्तरण्यात जातात. रिकाम्या पोटी मळमळतं, चहा-कॉफीबरोबर घेतली तर लोह कमी शोषलं जातं, हेही तेव्हाच सांगावं. गोळी हातात देऊन ‘घरी घे’ म्हणू नये, समोर घ्यायला लावावी.

डोळे तपासणं स्वस्त असतं आणि त्याचा फायदा लगेच दिसतो. तक्त्यापासूनचं सहा मीटर अंतर टेपने मोजावं, पावलांनी नाही. डोळा तळहाताने झाकायला सांगावा, बोटांनी झाकला तर फटीतून दिसतं. आणि चष्म्याची चौकट मुलाला स्वतःला निवडू द्यावी. ज्या कार्यक्रमात सगळ्यांना एकाच रंगाचे चष्मे वाटले जातात, तिथले बहुतेक चष्मे दप्तराच्या तळाशी जातात.

शरीर तपासून झाल्यावर जे राहतं त्यासाठी वेळ लागतो. किशोरवयीनांशी एकट्याने बोलण्यासाठी ‘हेड्स’ नावाची एक रचना आरोग्यसेवेत रुळली आहे. आधी घर, मग शिक्षण किंवा काम, मग खाणंपिणं आणि मोकळा वेळ, त्यानंतर व्यसनं, लैंगिकता, आत्महत्येचे विचार आणि सुरक्षितता. क्रमालाच इथे महत्त्व आहे. सोप्याकडून अवघडाकडे जाताना मुलाला समोरच्या माणसाचा अंदाज घेता येतो. छापील फॉर्म पुढ्यात ठेवून प्रश्न विचारले की संभाषण संपतं, म्हणून फॉर्म नंतर भरावा. पण बोलणं सुरू होण्याआधी गुप्ततेची मर्यादा सांगायला हवी, आणि ती प्रत्येक वेळी त्याच शब्दांत सांगायला हवी: तू जे सांगशील ते माझ्याजवळ राहील, मात्र तू स्वतःला इजा करणार असशील, दुसऱ्या कोणाला करणार असशील, किंवा कोणी तुला इजा करत असेल, तर मला मदत आणावी लागेल, आणि आणण्याआधी मी तुला सांगेन. ‘कोणालाही सांगणार नाही’ असं वचन देणारा कार्यकर्ता मायाळू दिसतो, पण वचन मोडावं लागतं तेव्हा ते मूल पुन्हा कोणाही मोठ्या माणसाजवळ बोलत नाही.

आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. विचारावं. उत्तर ‘हो’ आलं तर पुढे विचारावं: कसं करायचं ठरवलं आहेस, साधन हाताशी आहे का, कधी. ठरलेली योजना आणि हाताशी साधन असेल तर त्या मुलाला एकटं सोडायचं नाही. घरातली औषधं, कीटकनाशकं, जे काही असेल ते घरच्यांकडून दूर करवून घ्यायचं आणि त्याच दिवशी सेवेपर्यंत सोबत जायचं. एखाद्या दुर्घटनेनंतर सगळ्या गटाला बसवून ‘काय वाटलं ते सांगा’ असं एकाच बैठकीत वदवून घेण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या विरोधातच शिफारस केली आहे. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार द्यावा. त्यात तीनच गोष्टी असतात: बघा, ऐका, जोडून द्या.

हे जोडून देणं मात्र सर्वांत जास्त गळतं. चिठ्ठी दिली की काम झालं असं अहवालात धरलं जातं. समजा एका तिमाहीत 40 जणांना पुढच्या सेवेकडे पाठवायचं ठरलं. त्यातले 31 जायला तयार झाले, 19 दारापर्यंत पोचले, 14 जणांना सेवा मिळाली आणि दुसऱ्या खेपेला 9 गेले. अहवालात 40 छापले जातात. गळतीची कारणं प्रत्येक पायरीवर वेगळी असतात. तयार होण्यात भीती आड येते. पोचण्यात भाडं, दवाखान्याची सकाळची वेळ आणि बुडणारी मजुरी आड येते. सेवा मिळण्यात कागदपत्रं, पालकाची सही आणि खिडकीवरच्या माणसाचा मोठा आवाज. दुसरी खेप चुकते ती पहिल्या वेळच्या वागणुकीमुळे. म्हणून पाचही आकडे वेगवेगळे लिहावेत. उपाय साधे आहेत, पण चिकाटी मागतात. समोरच्या संस्थेत नावानिशी एक माणूस ठरवायचा, आधी फोन करून वेळ घ्यायची, पहिल्या खेपेला सोबत जायचं, दोन दिवसांत विचारपूस करायची आणि आठवड्याने पुन्हा. ज्या सेवेकडे आपण मुलं पाठवतो तिथे वर्षातून दोनदा तरी स्वतः रांगेत उभं राहून बघावं. तिथली बाकं, वेळ आणि आडपडदा आहे की नाही, हे यादीतल्या नुसत्या नावावरून कळत नाही.

सुरक्षिततेचे नियम सगळ्यांच्या भिंतीवर असतात. ते पाळले जातात की नाही, हे एका साध्या प्रश्नावरून समजतं: इथल्याच एखाद्या माणसाबद्दल तक्रार करायची असेल तर कुठे जाशील? गटातल्या पाच मुलांना वेगवेगळं विचारावं. तक्रारपेटी हे उत्तर असेल तर यंत्रणा नाही असं धरावं. पेटीत चिठ्ठी टाकताना दिसतं, लिहिता न येणाऱ्याला ती निरुपयोगी असते, आणि किल्ली बहुधा त्याच माणसाकडे असते. किमान तीन वाटा हव्यात, त्यातली एक संस्थेबाहेरच्या व्यक्तीकडे जाणारी. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कोणी बसायचं नाही. बोलणं खाजगी हवं, पण नजरेच्या टप्प्यात. मुलांशी संपर्क संस्थेच्या फोनवरूनच ठेवायचा. कामावर घेताना आधीच्या दोन ठिकाणी प्रत्यक्ष फोन करायचे. मुलाने काही सांगितलं तर कार्यकर्त्याने तपास करायचा नसतो. शांतपणे ऐकायचं, ‘तू तेव्हाच का नाही सांगितलंस’ असं चुकूनही विचारायचं नाही, मुलाचेच शब्द त्याच दिवशी लिहायचे आणि जबाबदार व्यक्तीला 24 तासांच्या आत द्यायचे. तेच मूल तीच गोष्ट पाच जणांना सांगत बसलं तर दर वेळी त्याला ती पुन्हा भोगावी लागते, आणि पुढे कायद्यापुढे त्याची साक्षही कच्ची होते.

एका कार्यकर्त्याकडे किती मुलं? हा वाद नेहमी मतांवर चालतो, म्हणून एकदा तास मांडून बघावेत. 45 मुलं आहेत. प्रत्येकाच्या घरी महिन्याला एक भेट, जाण्यायेण्यासह दीड तास, म्हणजे सुमारे 67 तास. तीन गट, प्रत्येकाची महिन्याला चार सत्रं, तयारीसह तीन तास धरले तर 36. सोबत जाण्याच्या सहा खेपा, चार-चार तासांच्या, 24. नोंदी 20, बैठका आणि मार्गदर्शन 8. बेरीज 155, म्हणजे महिन्याचे कामाचे तास संपले. आता मुलं 80 करा. गट वाढत नाहीत, कारण फंडरने, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेने, सत्रांची संख्या ठरवून दिलेली आहे. नोंदी टळत नाहीत, कारण अहवालाची तारीख आहे. घरभेटींचे 120 तास होतात, म्हणजे त्या होत नाहीत. आणि घरभेट हीच न आलेल्यांपर्यंत पोचायची एकमेव वाट होती. कार्यकर्ता आळशी आहे, असा निष्कर्ष काढण्याआधी ही बेरीज कोणी केली होती का, ते विचारावं.

याच कार्यकर्त्यांना दर पंधरवड्याला एक तास असा हवा जिथे अहवालाबद्दल एक शब्दही निघणार नाही. मारहाण, उपासमार, शोषण ऐकत राहणारा माणूस हळूहळू एकतर कोरडा होतो किंवा रात्री झोपत नाही. दोन्हींची लक्षणं नोंदवहीतच दिसतात: नोंदी आखूड होत जातात, सगळ्या मुलांबद्दल तीच वाक्यं येऊ लागतात.

आकड्यांची आणखी एक फसवणूक सांगतो, कारण ती फार सभ्य दिसते. सुरुवातीला 100 मुलांची चाचणी घेतली, सरासरी 12 आली. वर्षाअखेर 60 मुलं उरली, त्यांची सरासरी 16. अहवालात चार गुणांची वाढ. पण टिकलेल्या त्या 60 मुलांची सुरुवातीची सरासरी 14 होती आणि गळालेल्या 40 ची 9. म्हणजे खरी वाढ दोन गुणांची, तीही ज्यांना मुळात बरं येत होतं त्यांची. ज्यांच्यासाठी पैसे आणले ते 40 जण आकड्यातून नाहीसे झाले आणि त्यांच्या जाण्यानेच आकडा सुधारला. म्हणून तुलना नेहमी त्याच मुलांची त्याच मुलांशी करावी, आणि गळालेल्यांचा सुरुवातीचा आकडा शेजारी छापावा. फंडरला हे दाखवायला धीर लागतो. पण एकदा दाखवलं की पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घरभेटींचा प्रवासखर्च मागायला तेच सगळ्यात चांगलं कारण ठरतं.

पैशाबद्दल थोडक्यात. कात्री लागते ती प्रवास, फोन, मार्गदर्शन आणि तातडीच्या निधीला, कारण या गोष्टींचा फोटो निघत नाही. मुलांचं भाडं आधी द्यावं. ‘पावती आणा, पैसे देऊ’ या पद्धतीत ज्याच्याकडे पैसे नाहीत तो येऊच शकत नाही. तातडीच्या निधीला ठरावीक मर्यादेपर्यंत एकच सही पुरेशी ठेवावी, हिशेब तीन दिवसांत घ्यावा. रात्री अकरा वाजता तीन सह्या मिळत नसतात. हजेरीसाठी वस्तू वाटल्या की हजेरीपटावर नावं वाढतात, माणसं वाढत नाहीत.

सल्लागार मंडळात दोन मुलं बसवली की सहभाग झाला, असं आपण म्हणतो. रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी 1992 मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे वापरून घेणं, शोभेला ठेवणं आणि नावापुरतं बसवणं, आणि या तिघींना ते सहभाग मानतच नाहीत. मुलांना मंडळाऐवजी वेळापत्रक, खोली आणि तातडीच्या निधीचे नियम ठरवायला द्यावेत. ती फार काटेकोर निघतात.

शेवटी बंद करण्याविषयी, कारण प्रकल्प संपतातच. ताई-दादांशी जोडून दिलेल्या मुलांचा एक अभ्यास जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी 2002 मध्ये छापला. ज्यांचं नातं वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलं, त्यांना सर्वाधिक फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलं, त्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधीपेक्षा घटला. सहा महिन्यांच्या करारावर कार्यकर्ते नेमणाऱ्यांनी हे वाचायला हवं. माणूस बदलणार असेल तर जुन्याने नव्याला घेऊन प्रत्येक मुलाला किमान दोनदा भेटावं, आणि कधी जाणार ती तारीख मुलांना महिनाभर आधी सांगावी. प्रकल्प संपायच्या सहा महिने आधी नवी नोंदणी थांबवावी. मग यादी पुन्हा हातात घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे लिहावं: स्वतः चालू शकेल, कोणाशी तरी जोडून द्यायला हवं, किंवा सोडताच येणार नाही. तिसऱ्या प्रकारातल्या प्रत्येकासाठी माणसाचं किंवा संस्थेचं नाव, पहिल्या एकत्र भेटीची तारीख आणि ती झाल्याची नोंद लागते, नुसतं ‘हस्तांतरित’ चालत नाही. मुलांच्या नावानिशी असलेले समुपदेशनाचे कागद किती काळ ठेवायचे आणि कोणी नष्ट करायचे, हे लेखी ठरवावं. ते ठरलं नाही तर ते कागद पुढच्या भाडेकरूच्या माळ्यावर सापडतात. मुलांकडे जो फोन नंबर पाठ असतो, तो प्रकल्पानंतर किमान वर्षभर कोणीतरी उचलेल असा ठेवावा आणि त्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा, कारण शेवटच्या महिन्यात त्यासाठी पैसे शिल्लक नसतात.